अस्वल, दोन मित्र आणि पहिले सहा तास

दोन मित्र आणि अस्वल ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी वाचली आहे. एक मित्र झटकन झाडावर चढतो. दुसऱ्याला चढता येत नाही, तो जमिनीवर पडून श्वास रोखतो, अस्वल त्याला हुंगते आणि निघून जाते. गोष्टीचे तात्पर्य मैत्रीबद्दल होते. पण जंगलालगतच्या भागात शस्त्रक्रिया करताना माझ्या लक्षात आले आहे की, अस्वल समोर आले तर काय करायचे याबद्दल बहुतेक लोकांची सगळी माहिती या एका गोष्टीतूनच आलेली असते.

आणि ती गोष्ट अर्धी चूक आहे. आपल्याकडचे अस्वल झाडावर उत्तम चढते, मधाच्या पोळ्यासाठी तर हमखास चढते. म्हणजे वर गेलेला मित्र सुरक्षित नव्हताच. खाली पडलेल्या मित्राने केले ते बरेचसे बरोबर होते. फक्त पुस्तकातल्या चित्रात तो उताणा दाखवलेला असे, आणि उताणे पडलेल्या माणसाचे काय होते ते मी ऑपरेशन टेबलावर पाहिले आहे.

एप्रिल महिन्यात एक बाई आमच्याकडे आल्या होत्या. पहाटे मोहफुले वेचायला गेल्या, झाडाच्या पलीकडच्या बाजूला अस्वल पिल्लासह तीच फुले खात होते. दोघींनाही एकमेकींचा पत्ता नव्हता. बाई घाबरून दुरडीवर पालथ्या पडल्या आणि तशाच पडून राहिल्या. डोक्याची कातडी मागच्या बाजूने सोलून निघाली होती, खांद्यावर खोल ओरखडे होते. पण चेहरा दुरडीत होता, तो वाचला. "मी पळाली नाही जी," त्या म्हणाल्या, "पळाली असती तं गेलीच असती." त्याच हंगामात एक तरुण आला. तो पळाला होता, अस्वलाने गाठले, वळून प्रतिकार करताना उताणा पडला. त्याचे नाक, एक डोळा आणि वरचा जबडा यांवर पुढे कितीतरी शस्त्रक्रिया झाल्या. दोघांच्या जखमांत जो फरक होता तो शौर्याचा नव्हता. एक पालथी पडली, एक उताणा.

'जंगलात प्राणी समोर आला तर' या विषयावर जे लिहिले जाते ते बहुतेक पर्यटकांसाठी असते. जिप्सीतून उतरू नका, भडक कपडे घालू नका, सेल्फी काढू नका. सल्ला योग्यच आहे, पण जिप्सीत बसलेला माणूस आमच्याकडे क्वचितच येतो. येतात ते मोहफुले, तेंदूपाने, सरपण गोळा करणारे, गुरे चारणारे, शेताची राखण करणारे. त्यांना 'जंगलात जाऊ नका' असे सांगणे म्हणजे मधुमेही माणसाला 'जेवू नका' असे सांगण्यासारखे आहे. आणि दुसरे, सगळा सल्ला प्राणी समोर उभा असतानाच्या त्या अर्ध्या मिनिटाबद्दल असतो. माझ्या मते त्या अर्ध्या मिनिटात माणसाच्या हातात फार थोडे असते. हातात असते ते त्याच्या आधीचे नियोजन आणि त्यानंतरचे पहिले सहा तास. हल्ल्यातून जिवंत सुटलेली माणसे नंतरच्या तासांत, काही तर नंतरच्या आठवड्यांत गमावली जातात, आणि ते बऱ्याच अंशी टाळता येते.

आधी अस्वल, कारण त्याच्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. आपले अस्वल माणसाला खाण्यासाठी हल्ला करत नाही. त्याची नजर अधू, नाक तीक्ष्ण. वारुळात तोंड घालून वाळवी ओढून घेताना ते स्वतःच एवढा आवाज करते की जवळ आलेल्या माणसाची चाहूल त्याला लागत नाही. मग अचानक माणूस चार पावलांवर दिसतो आणि ते दचकते. वाघाच्या जंगलात राहणारा हा प्राणी, झाडावर चढला तरी सुटकेची खात्री नाही, म्हणून उलट अंगावर धावून जाणे हाच त्याचा बचाव बनला असावा असे अभ्यासक मानतात. मागच्या पायांवर उभे राहून ते पंजा मारते, त्यामुळे तीन-चार इंची नखे थेट डोक्यावर आणि चेहऱ्यावर येतात.

यावरून काय करायचे ते आपोआप कळते. पहिली गोष्ट, त्याला दचकू द्यायचे नाही. झाडीत शिरताना बोलत, खाकरत, काठी आपटत जावे. अस्वल लांब असेल आणि त्याला आपण दिसलो नसू, तर गुपचूप आल्या वाटेने मागे फिरावे. समोरासमोर आलोच तर त्याच्याकडे तोंड ठेवून, हळू बोलत, एक एक पाऊल मागे सरकावे. पळू नये, ते आपल्यापेक्षा वेगवान असते. आणि अंगावर आलेच तर पालथे पडावे, चेहरा जमिनीत, दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफून मानेच्या मागे, कोपरे कानांजवळ आणि पाय थोडे फाकलेले, म्हणजे ते सहज उलटवू शकत नाही. उलटवले तर लोळून पुन्हा पालथे व्हावे. श्वास रोखण्याची गरज नाही. अस्वल तुम्हाला मेलेले समजून जात नाही, तुमच्यापासून धोका संपला असे वाटले की जाते. हल्ला बहुधा थोडक्या वेळात संपतो. ते गेल्यावर लगेच उठू नये. थोडे थांबावे, कानोसा घ्यावा, मग उठावे.

हीच युक्ती वाघ-बिबट्यासमोर चालत नाही. मांजर कुळातल्या प्राण्याने हल्ला केला असेल तर तो बहुतेक वेळा शिकारीच्या पद्धतीने, मागून किंवा बाजूने, मानेवर केलेला असतो. तिथे निपचित पडणे म्हणजे त्याचे काम सोपे करणे. वाघ किंवा बिबट्या आधी दिसला तर नजर त्याच्यावर ठेवावी, पाठ फिरवू नये, वाकू नये, बसू नये. हात वर करून, टोपली किंवा घोंगडी डोक्यावर धरून मोठे दिसावे, मोठ्या आवाजात ओरडावे आणि मागे सरकावे. लहान मूल सोबत असेल तर नजर न हटवता त्याला उचलून घ्यावे. पकडलेच तर डोळे, नाक, गळा यांवर हाताला येईल त्याने मारत राहावे. मुंबईत आरे वसाहतीतला २०२१ सालचा सीसीटीव्हीतला प्रसंग अनेकांनी पाहिला असेल. हातात आधाराची काठी घेतलेल्या एका वयस्क बाईंवर बिबट्याने मागून झडप घातली. त्या पडल्या, पण तोंड त्याच्याकडे ठेवून काठी चालवत राहिल्या आणि बिबट्या मागे हटला.

वाकण्याबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण मुद्दा इथेच आहे. उभा माणूस हे वाघाचे नेहमीचे भक्ष्य नव्हे. वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस उंचीने आणि आकाराने चार पायांच्या जनावरासारखा दिसतो, आणि त्याची मान उघडी पडते. आता मोहफुले वेचायची कशी? वाकून. फुले गळतात पहाटे, म्हणून लोक अंधारात निघतात. वाघ आणि अस्वल यांच्या हालचालीची वेळही तीच. तेंदूची पाने तोडायची कशी? झुडपात वाकून, मे महिन्याच्या उन्हात, म्हणजे सावली आणि पाणी जिथे आहे तिथे. वाघही तिथेच बसलेला असतो. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. त्या काही कुठे वाट चुकून गेल्या नव्हत्या. रोजच्या कामाला गेल्या होत्या.

सुंदरबनमध्ये १९८०च्या दशकात लोकांनी डोक्याच्या मागे माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधून पाहिला. वाघ मागून येतो, त्याला चेहरा दिसला तर तो बिचकेल, ही कल्पना. काही काळ उपयोग झाला, पुढे वाघ सरावले. मला या उपायापेक्षा त्यामागचा विचार आवडतो. मागे पाहणारा डोळा हवा. तो मुखवट्याचा असण्यापेक्षा माणसाचा असावा. चार-पाच जणांच्या गटात चौघे वाकून तोडत असताना एकाने उभे राहून फक्त पाहायचे, आणि गट एकमेकांच्या हाकेच्याच नव्हे तर नजरेच्या टप्प्यात ठेवायचा. सोबतच्यांनी आरडाओरडा करून, दगड-काठ्या फेकून वाघाला हाकलल्यामुळे वाचलेली माणसे मी स्वतः तपासली आहेत. एकट्याने गेलेला कोणी तशा अवस्थेत माझ्यापर्यंत पोचलेला आठवत नाही.

मग लोक राखण का ठेवत नाहीत? मी विचारले तेव्हा एका बाईंनी मला वेड्यात काढले. तेंदूचे पैसे पुडक्यांच्या शेकड्यावर मिळतात. जो उभा राहील त्याचे पुडके कोण बांधणार? हंगाम जेमतेम काही दिवसांचा, त्यात वर्षाचा किराणा निघतो. मी डॉक्टर म्हणून 'काळजी घ्या' म्हणतो, त्या काळजीची एक दिवसाची मजुरी असते हे माझ्या लक्षात आले नव्हते. माझे स्पष्ट मत आहे की, राखण करणाऱ्याची मजुरी सरकारने किंवा पाने घेणाऱ्या ठेकेदाराने द्यावी. मोहाच्या झाडाखाली बांधायच्या जाळ्यांचेही तेच. जाळी बांधली की फुले तिच्यात पडतात, उजाडल्यावर, ऊन चढल्यावर जाऊन उभ्याने गोळा करता येतात, झाडाखालचा पालापाचोळा जाळायची गरज राहत नाही, वणवाही टळतो. वाघाच्या हल्ल्यात माणूस मेला तर राज्य सरकार कुटुंबाला २५ लाख रुपये देते. द्यायलाच हवेत. पण एवढी रक्कम मेल्यावर देणाऱ्या व्यवस्थेला जाळी महाग का वाटावी, हे मला समजत नाही.

बाकीच्या प्राण्यांबद्दल थोडक्यात. रानडुक्कर सुळे खालून वर मारते, त्यामुळे जखमा मांडी, जांघ आणि पोटाला होतात. त्याला झाडावर किंवा उंच दगडावर चढता येत नाही, तुम्हाला येते. जांघेतली मोठी रोहिणी फाटली तर माणूस काही मिनिटांत रक्त वाहून जातो, म्हणून दिसायला लहानशा डुकराच्या जखमेला मी अस्वलाच्या जखमेइतकाच घाबरतो. गवा आणि हत्ती यांच्यापासून अंतर हाच उपाय आणि गर्दी हा सर्वांत मोठा धोका. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला गवा शिरला होता, लोक मागे लागले, धावधाव होऊन तो मेला. तिथे त्याने माणसे तुडवली असती तर दोष त्याला दिला गेला असता.

आणि आग्या मोहोळ. किल्ल्यांवर आणि लेण्यांत जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. वर सगळीकडे 'पळू नका' म्हटले, इथे मात्र पळायचेच. हात न झटकता, तोंड-डोके कपड्याने झाकून, शक्य तितके लांब, बंद गाडीत किंवा घरात. पाण्यात उडी मारू नये, माश्या वर घोंघावत राहतात. डंख अंगात रुतलेले असतात ते लवकरात लवकर नखाने, चाकूच्या बोथट बाजूने, कशानेही काढावेत. पुष्कळ डंख असतील तर बरे वाटत असले तरी भरती व्हावे, कारण दोन दिवसांनी लघवी लाल-काळी होऊन मूत्रपिंडे बंद पडलेले रुग्ण आम्ही पाहतो. एकाच डंखाने दम लागला, ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या तर तो मिनिटांचा प्रश्न आहे.

आता पहिले सहा तास.

हल्ला संपला, प्राणी गेला, माणूस जिवंत आहे. सर्वांत आधी तिथून हला, प्राणी परत येऊ शकतो. मग रक्त. जिथून वाहते आहे तिथे स्वच्छ कापडाची घडी ठेवून दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून दाबा आणि दहा मिनिटे अजिबात उचलून पाहू नका. 'थांबलं का बघू' या सवयीने जमलेली गाठ दर वेळी निघते. हाता-पायातून धार लागली असेल आणि दाबून थांबत नसेल, तर जखमेच्या वर, सांधा सोडून, तीन बोटे रुंद पट्टी बांधा, त्यात काठी घालून पिळा आणि धार थांबेपर्यंत पिळत राहा. वेळ लिहून ठेवा, कपाळावर पेनाने लिहिली तरी चालेल. मध्येच सैल करू नका. सर्पदंशात बांधू नका असे आम्ही सांगतो तेही खरे आहे. साप चावला तर बांधायचे नाही, रोहिणी फाटली तर बांधायचे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोकांची त्यात गल्लत होते, हा दोष आम्हा डॉक्टरांच्या घाईत सांगण्याचा आहे.

चेहऱ्याला मार असेल तर माणसाला उताणा झोपवून गाडीत घालू नका. हे मी जाड अक्षरात लिहिले असते. नाक-जबडा फुटलेल्या माणसाचे रक्त घशात उतरते, जीभ मागे पडते आणि तो वाटेतच गुदमरतो. जखमांनी नव्हे, झोपवल्यामुळे. शुद्धीवर असेल तर पुढे वाकवून बसवा, तोंडातून रक्त गळू द्या. बेशुद्ध असेल तर कुशीवर ठेवा. डोक्याची सोललेली कातडी कापून टाकू नका, फेकू नका. ओल्या स्वच्छ कापडाने जागेवर झाकून आणा, डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असतो, बऱ्याच वेळा ती परत लागते. पोटातून आतडे बाहेर आले असेल तर आत ढकलू नका, तेही ओल्या कापडाखाली ठेवा.

"पाणी, पाणी" असे रुग्ण म्हणतो. नातेवाईक पाजतात, चहा पाजतात, कोणाच्याने राहवत नाही. ती तहान रक्त गेल्याची असते. भरल्या पोटी भूल देणे धोक्याचे, म्हणून फक्त ओठ ओले करा आणि १०८ला फोन करा. गाडी यायला वेळ असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा, आणि अंगावर पांघरूण घाला. रक्त गेलेले शरीर मे महिन्यातही गार पडते.

वाघ-बिबट्याच्या दातांच्या जखमा फसव्या असतात. वर चार छोटी भोके, आत मणका, श्वासनलिका, कधी कवटीपर्यंत गेलेला सुळा. लहान मुलांच्या बाबतीत तर डोक्यावर दाताची एक खूण असली तरी सीटी स्कॅन करून घ्यावे. हे जंतू दातांबरोबर खोल पेरले जातात आणि चोवीस तासांत जखम सुजून लाल होते. म्हणून आम्ही अशा जखमा लगेच घट्ट शिवत नाही. 'डॉक्टरांनी टाके घातले नाहीत, उघडीच ठेवली' अशी तक्रार ऐकतो. उघडी ठेवणे हाच उपचार असतो. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि अँटिबायोटिक हेही त्याच दिवशी.

आणि आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ते. रेबीज.

कुत्रा चावला की इंजेक्शन घ्यायचे हे आता गावोगाव माहीत आहे. अस्वल, बिबट्या, कोल्हा, लांडगा, मुंगूस यांच्या बाबतीत ते कोणाच्या डोक्यातच येत नाही. एवढ्या मोठ्या जखमेपुढे सगळे टाके मोजण्यात गुंततात. पण हे सगळे सस्तन प्राणी आहेत आणि त्यांच्या लाळेतून रेबीज होऊ शकतो. म्हणून वन्य प्राण्याचा चावा आपल्या देशाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार थेट सर्वांत गंभीर, म्हणजे तिसऱ्या वर्गात धरला जातो. प्राणी पकडला गेला का, दहा दिवस जिवंत राहिला का, अशी वाट पाहायची नाही. रेबीजची लक्षणे सुरू झाली की त्यावर उपचार नाही.

पहिला उपचार साबण. जीवघेणे रक्त वाहत नसेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. पंधरा मिनिटे हा फार मोठा वेळ असतो, घड्याळ लावून पाहा. 'पाणी लागलं की जखम पिकते' ही आपल्या घराघरातली समजूत इथे जीव घेते. हळद, चुना, तंबाखू, कॉफी, शेण, राख, काहीही भरू नका. ते सगळे मला पुन्हा खरवडून काढावे लागते, आणि त्यात आणखी रक्त जाते.

दुसरा उपचार लस. स्नायूत घ्यायची असेल तर ०, ३, ७, १४, २८ या दिवशी, त्वचेत घ्यायची असेल तर ०, ३, ७, २८. मोठ्या माणसांना दंडावर, कमरेवर नाही. तिसरा उपचार सर्वांत जास्त विसरला जातो. लसीमुळे शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठ-दहा दिवस लागतात. डोके-चेहऱ्यापासून मेंदू जवळ, तेवढा वेळ हाती नसू शकतो. म्हणून तयार प्रतिपिंडे, ज्याला आपण सीरम म्हणतो, ती जखमेच्या आत आणि भोवती टोचावी लागतात. पहिल्या दिवशी मिळाले नाही तर लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांपर्यंत देता येते, त्यामुळे 'नाही मिळाले' म्हणून सोडून देऊ नका, पुढच्या रुग्णालयात मागा. शब्द लक्षात ठेवा: लस आणि सीरम, दोन्ही.

इथे एक तक्रार करतो. छोट्या केंद्रांवर लस बहुधा मिळते, सीरमची खात्री नसते. अस्वलाने फाडलेला एक रुग्ण माझ्याकडे तिसऱ्या दिवशी आला तो तीन दवाखाने फिरून. तिन्ही कागदांवर टाक्यांची संख्या व्यवस्थित लिहिली होती, सीरमचा उल्लेख एकावरही नव्हता. आधीच घातलेले टाके थोडे सोडून आम्ही ते दिले. मोहाचा आणि तेंदूचा हंगाम पंचांगाइतका ठरलेला आहे. त्या दोन महिन्यांत जंगलालगतच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात सीरमचा साठा असणे ही मागणी फार मोठी नाही. ताडोब्याभोवतीच्या गावांत वनविभागाने तरुणांची प्राथमिक प्रतिसाद पथके उभी केली आहेत, घटनास्थळी सर्वांत आधी पोचतात ती हीच मुले. त्यांच्या पिशवीत शिट्टी आणि टॉर्चबरोबर जाड बँडेज, रक्त थांबवायची पट्टी आणि साबणाची वडी असावी, आणि चेहऱ्याचा रुग्ण कसा न्यायचा हे त्यांना एका दुपारी शिकवता येते. मी शिकवायला तयार आहे, माझ्यासारखे आणखी असतील.

घटनेची माहिती वनविभागाला त्याच दिवशी द्या, १९२६ हा त्यांचा मोफत क्रमांक आहे. पंचनामा, रुग्णालयाचा पहिला कागद, बिले, सगळे जपून ठेवा. मदत जखमींनाही मिळते, फक्त मृतांच्या वारसांना नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. बाई शुद्धीवर असल्या तर डॉक्टरांना 'कोणत्या प्राण्याने, कुठे, किती वाजता' हे स्वतःच्या तोंडाने सांगू द्या. गडबडीत 'पडून मार' असे लिहिले गेले तर पुढे महिनोन्‌महिने हेलपाटे घालावे लागतात.

जखमा भरल्यावरही काही महिने माणूस बरा झालेला नसतो. रात्री दचकून उठतो, पानांचा आवाज झाला की घाम फुटतो, एकटा बाहेर जात नाही. याला भित्रेपणा म्हणू नका, हा आजार आहे, त्यावर उपचार आहे. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येते. चेहरा बिघडलेल्या तरुणांना तर लोकांच्या नजरेचाही सामना करायचा असतो. पहिल्या ड्रेसिंगच्या वेळी त्यांना आरसा केव्हा द्यायचा, यावर आम्ही वॉर्डात टाक्यांपेक्षा जास्त चर्चा करतो.

दुरडीवाल्या बाई शेवटच्या डोसला, अठ्ठाविसाव्या दिवशी आल्या होत्या. डोक्यावर पदर घट्ट होता, केस अजून आले नव्हते. मी विचारले, पुढच्या वर्षी जाणार का वेचायला? म्हणाल्या, जावंच लागेल, पण उजाडल्यावर, आणि जावेला सोबत घेऊन. मग त्यांनी जाळीचा भाव विचारला. मला तो माहीत नव्हता, मी चौकशी करून सांगतो म्हणालो.